सुट्टीचा कागद मिळाला, पुढं काय?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. सोयाबीनला शेंगा भरायला लागल्या होत्या आणि माणसं दिवसभर रानात होती. तिन्हीसांजेला आमच्या गल्लीत एक जीप येऊन थांबली. शेजारचे आबा दवाखान्यातून घरी आले होते. वय पंचाहत्तरच्या पुढं. गोठ्यात शेणावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या गावी नेलं, ऑपरेशन झालं, नवव्या दिवशी सुट्टी मिळाली. चौघांनी मिळून आबांना जीपमधून उतरवलं. वहिनींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, नारळ फुटला, आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. आबा सुखरूप आले, संकट टळलं, असं म्हणत जो तो आपापल्या घरी गेला.

त्या वेळी दवाखान्यानं दिलेला कागद आबांच्या मुलानं देव्हाऱ्यामागं खोचला. तो इंग्रजीत होता. मी दोन अक्षरं वाचणारा माणूस, तुमच्यासाठी दर आठवड्याला इथं लिहितो, पण मलाही तो कागद मागून वाचावासा वाटला नाही. ही चूक माझी, आणि ती आधी कबूल करूनच पुढं लिहितो.

आबांची खाट माजघरात, न्हाणी परसदारी, आणि मध्ये शेवाळलेल्या फरशीच्या तीन पायऱ्या. चालायचा वॉकर आणायचा राहून गेला. मुलगा फवारणीच्या गडबडीत, सून घर, गुरं आणि रान या तिन्हीत ओढलेली. आबांना उठवायला दोन माणसं लागायची आणि दिवसा घरात एकच असायचं. मग आबाच म्हणायला लागले, “राहू द्या, पडून राहतो, तुमचं काम बुडवू नका.” पाणीसुद्धा कमी प्यायला लागले, म्हणजे सारखं उठवावं लागू नये. विसाव्या दिवशी वहिनींनी मला हाक मारली, “भाऊजी, जरा आत येऊन बघता का?” माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती, काळी पडलेली, आणि अंगात ताप होता.

आबा परत दवाखान्यात गेले. पहिल्या खेपेला नऊ दिवस राहिले होते, या खेपेला अठरा दिवस. ऑपरेशन पहिल्या दिवसापासून चांगलं झालं होतं, त्यात काही खोट नव्हती. खोट होती ती दवाखान्याचं फाटक आणि घराचा उंबरा यांच्यामधल्या रिकाम्या जागेत. आज तिच्याविषयीच तुमच्याशी बोलायचं आहे.

दुखणं मुंगीच्या पावलानं जातं

आपल्याकडं जुनी माणसं म्हणतात, दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. दवाखाना बघतो तो हत्ती. मुंगीची वाटचाल सगळी घरात होते. आपण शेतकरी माणसांना हे समजायला अवघड नाही. पीक कापलं म्हणजे काम संपलं असं आपण कधी म्हणतो का? मळणी असते, वाळवण असतं, साठवण असते. कापणीपर्यंत सोन्यासारखं आलेलं धान्य ओलं राहिलं तर कणगीत बुरशी धरतं. ऑपरेशन ही कापणी झाली असं समजा. वाळवण आणि साठवण घरी व्हायची असते.

म्हातारं माणूस एकाच कुशीवर पडून राहिलं की हाडाच्या टोकाखालच्या कातडीला रक्त पोचत नाही. माकडहाड, टाचा, खुबे या जागा आधी लाल होतात, मग काळ्या पडतात. म्हणून ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. पडून राहिल्यानं छातीत कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. पायाच्या नसांत रक्ताची गुठळी होते. दंडाची, मांडीची ताकद दिवसागणिक जाते. म्हणूनच खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी माणसाला आधार देऊन उभं करण्याचा डॉक्टरांचा आग्रह असतो. घरी आल्यावर “आराम करू दे बिचाऱ्याला” असं आपण मायेनं म्हणतो, आणि त्या मायेनंच माणूस अंथरुणाला खिळतो.

अर्धांगवायूचा झटका आलेला माणूस, मधुमेहामुळं पायाचं बोट काढलेली बाई, लघवीची नळी लावून घरी पाठवलेले आजोबा, कर्करोगाचा इलाज घेऊन परतलेली आई, या सगळ्यांची तीच कथा आहे. त्यांना घरी काय लागतं ते मोजून बघा. उंच खाट, कमोडची खुर्ची, वॉकर, कधी हवेची गादी. आठवड्यातून एकदा जखम बघणारी जाणती नजर. आणि दिवसाचे दोन-तीन तास एक जादा माणूस. यातलं काहीच फार महागडं नाही. पण ज्या दिवशी लागतं त्या दिवशी ते गावात नसतं.

सगळा भार कुणावर?

मग हे सगळं कोण करतं? घरातली बाई करते. सून करते, बायको करते, कधी शाळा सोडून नात करते. आबांच्या घरी वहिनींचे त्या दोन महिन्यांत किती खाडे झाले याचा हिशेब कुणी मांडला नाही. त्या बाहेर मजुरीला गेल्या असत्या तर हजेरी मिळाली असती. घरचंच रान असल्यामुळं वेळेवर निंदणी झाली नाही, एवढंच दिसलं. बाईच्या श्रमाला भाव नसतो म्हणून ते श्रम फुकट आहेत असं आपण धरून चालतो. सरकारही तसंच धरून चालतं.

आणि ज्या घरी सूनच नाही तिथं? मुलं पुण्या-मुंबईला गेलेली, दोघं म्हातारे मागं राहिलेले. अशी घरं आता गल्लीगल्लीत आहेत. एक पडला तर दुसऱ्यानं उचलायचं कसं?

खरी अडचण अशी आहे की दवाखान्याची थैली वेगळी आणि घरच्या सांभाळाची थैली वेगळी. दवाखान्याची थैली फाटकापाशी बांधून ठेवली जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मोठ्या ऑपरेशनचा खर्च होतो, ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तिचा लाभ आपल्यातल्या कित्येकांनी घेतला आहे. १०८ क्रमांकाची गाडी अपघातातल्या किंवा तातडीच्या रुग्णाला दवाखान्यात नेते. पण घरी आलेल्या माणसाची कूस बदलायला, त्याला न्हाणीपर्यंत न्यायला पैसा कुठून यायचा याचं उत्तर त्यात नाही.

ही अडचण फक्त आपल्यासारख्यांचीच आहे असं समजू नका. इंग्लंडसारख्या श्रीमंत देशालाही ती चुकलेली नाही. तिथं ५ जुलै १९४८ रोजी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि दवाखान्यातला उपचार सर्वांना मोफत झाला. त्याच दिवशी दुसरा एक कायदा अमलात आला आणि म्हाताऱ्या, अपंग माणसांच्या सांभाळाचं काम तिथल्या स्थानिक कौन्सिलांकडं, म्हणजे आपल्या नगरपालिका-जिल्हा परिषदांसारख्या संस्थांकडं आलं. ही दुसरी मदत मात्र माणसाची मिळकत बघून दिली जाते. परिणाम असा झाला की बरी झालेली म्हातारी माणसं, घरी सांभाळायची सोय नाही म्हणून, दवाखान्यातच खाटा अडवून राहू लागली. २००३ साली कायदा करून, कौन्सिलमुळं सुट्टी लांबली तर दर दिवसामागं दवाखान्याला पैसे भरायची सक्ती करावी लागली. पुढं २०१५ पासून दवाखाना आणि कौन्सिल या दोघांचा काही पैसा एकाच थैलीत टाकून खर्च करायची रीत आली. २०२२ च्या हिवाळ्यात निव्वळ माणसं वेळेवर घरी जावीत म्हणून ५० कोटी पौंड जादा काढावे लागले.

तिकडं म्हातारा दवाखान्यात अडकतो, कारण घरी नेणारं कुणी नसतं. आपल्याकडं उलट होतं. आपण त्याला घाईनं घरी आणतो, आणि तो घरात अडकतो. रोग एकच आहे, दोन थैल्यांची गाठ पडत नाही.

हे आपल्याला जमतं, याचा पुरावा

कुणी म्हणेल, इंग्लंडच्या गोष्टी आम्हाला काय सांगता? मग आपल्या गावातलीच सांगतो.

आपल्या घरात बाळंतीण आली की काय होतं? सव्वा महिना तिची खाट वेगळी, शेक-शेगडी, डिंकाचे नाहीतर अळिवाचे लाडू, अंघोळ घालायला बाई ठरलेली, आणि कामाला हात लावू द्यायचा नाही. हे सगळं सातव्या महिन्यापासून ठरलेलं असतं. कोण येणार, माहेरी जायचं की सासरी राहायचं, तूप किती लागेल, याचा घरोघर विचार होतो. घरी आल्यावरच्या सांभाळाचा आराखडा तो हाच. आपल्या आजी-पणजीनं तो कागदाशिवाय केला होता.

सरकारनंही हे बाळंतिणीपुरतं मान्य केलं आहे. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला दवाखान्यात नेण्याचीच नव्हे, तर तिथून घरी पोचवण्याचीही मोफत सोय आहे. आणि बाळ घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बघतात. वजन करतात, ताप बघतात, बाळ दूध ओढतं का ते विचारतात. दिवस ठरलेले, काय बघायचं ते ठरलेलं, आणि त्याचा मोबदलाही ठरलेला.

या पद्धतीचं मूळ आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथल्या ३९ गावांत साध्या, थोडं शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायचं शिक्षण दिलं. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, शेजारच्या गावांशी तुलना करता, ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे काम १९९९ साली जगापुढं आलं आणि पुढं देशभर आशाताईंच्या कामात घेतलं गेलं. जंगलातल्या गावातली बाई, हातात एक वजनकाटा आणि एक थर्मामीटर, आणि तिनं जे केलं ते मोठ्या दवाखान्यांनाही जमलं नव्हतं. कारण ती ठरलेल्या दिवशी उंबऱ्याच्या आत येत होती.

आता मला सांगा, जे बाळासाठी जमलं ते आजोबांसाठी का जमू नये?

केरळनं काय केलं

आजोबांसाठीही ते जमतं, हे केरळनं दाखवलं आहे. १९९३ साली कोझिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात काही डॉक्टरांनी वेदना कमी करण्याचा एक छोटासा दवाखाना सुरू केला. तिथं प्रामुख्यानं कर्करोगाचे रुग्ण येत. थोड्याच काळात त्यांच्या लक्षात आलं की ज्याला सर्वांत जास्त गरज आहे तो घरातून बाहेरच पडू शकत नाही. मग काम घराकडं वळलं. मलप्पुरम आणि आसपासच्या गावांत शिक्षक, शेतकरी, दुकानदार, कॉलेजातली पोरं स्वयंसेवक झाली. अंथरुणाला खिळलेल्यांच्या याद्या केल्या आणि घरोघर थोडे थोडे पैसे जमवले. नर्सबाईबरोबर आळीपाळीनं घरी जायचं, जखम धुवायची, नळी बदलायची, घरच्या बाईला शिकवायचं, आणि घरात तांदूळ आहेत का हेही बघायचं, अशी पद्धत बसली.

एवढ्यावर थांबले असते तर ती नुसती समाजसेवा झाली असती. पण केरळात १९९६ पासून गावच्या योजना गावानं करायच्या आणि राज्याच्या योजनेतला मोठा वाटा पंचायतींच्या हाती द्यायचा, अशी रीत सुरू झाली होती. २००८ साली राज्यानं या कामाचं धोरण जाहीर केलं. असं धोरण करणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्यानंतर घरी जाऊन करायची शुश्रूषा हे ग्रामपंचायतीच्या वार्षिक योजनेतलं काम झालं. नर्सचा पगार, गाडीचं भाडं, मलमपट्टीचं सामान यांसाठी पंचायत आपल्या अंदाजपत्रकात रक्कम धरते. नर्स सरकारी आरोग्य केंद्राशी जोडलेली असते आणि स्वयंसेवक गावचे असतात.

म्हणजे त्यांनी वेगळं असं काय केलं? भल्या माणसांच्या दयेला अंदाजपत्रकातली एक ओळ जोडली. दया पहिल्या वर्षी असते, तिसऱ्या वर्षी थकते. अंदाजपत्रकातली ओळ दरवर्षी वाचावी लागते.

आपल्या पंचायतीला हे करता येईल का?

करता येईल. ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींकडं सोपवण्याजोग्या २९ विषयांची यादी राज्यघटनेला जोडली. त्या यादीत आरोग्य हा विषय आहे आणि अपंगांच्या कल्याणासह समाजकल्याण हाही विषय आहे. वर ज्या दोन थैल्यांची गोष्ट केली, त्या दोन्हींची तोंडं घटनेनं गावच्या चावडीत आणून ठेवली आहेत. गाठ मारायची ती आपण.

पैसा कुठला, तेही बघू. पहिला मार्ग पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा, म्हणजे घरपट्टी, गाळ्यांचं भाडं वगैरे. त्यातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. कित्येक गावांत तो वर्षाखेरीला वाटून टाकला जातो, नाहीतर तसाच पडून राहतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांच्या साधनांसाठी तो आराखड्यात आधीच नेमून ठेवता येईल. पण आबांसारख्या, प्रमाणपत्र नसलेल्या, दोन महिन्यांपुरत्या अडलेल्या माणसाचा खर्च त्यात बसत नाही. त्यासाठी उरलेल्या उत्पन्नातून वेगळी रक्कम ग्रामसभेनं ठरवायची. दुसरा मार्ग, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात अशा समितीला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी ठेवला होता. आपल्या समितीला यंदा किती आला आणि कशावर गेला, हे विचारायला लाजू नका. तिसरा मार्ग, गावच्या लोकांचा. सप्त्याला वर्गणी जमते, जत्रेला जमते. त्यातला एक वाटा या कामाला जायला कुणाचीच हरकत असू नये.

आता खर्च किती? एक साधा हिशेब मांडून दाखवतो. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला. समजा, वर्षातून दहा घरी असं माणूस सुट्टी होऊन येतं. प्रत्येक घराला सहा आठवडे, रोज दोन तास, एका शिकवलेल्या बाईची मदत द्यायची. दहा घरं, बेचाळीस दिवस, दोन तास, म्हणजे वर्षाला ८४० तास. आठ तासांचा दिवस धरला तर १०५ दिवसांची मजुरी झाली. तुमच्या गावात बाईची हजेरी काय आहे त्यानं गुणा. येणारी रक्कम एका बोळात बसवलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या खर्चाशेजारी ठेवून बघा. रस्ता नको असं मी म्हणत नाही. पण ज्या माणसाला त्या रस्त्यावरून चालताच येत नाही, त्याची ओळ त्याच कागदावर असावी, एवढंच म्हणणं.

साधनांचा खर्च तर एकदाच करायचा आहे. दोन वॉकर, एक चाकाची खुर्ची, एक कमोडची खुर्ची, डोक्याकडून उचलता येणारी एक खाट, एक हवेची गादी, दोन बेडपॅन. हे सामान पंचायतीच्या खोलीत ठेवायचं आणि एका वहीत नेल्या-आणल्याची नोंद करायची. लग्नाची भांडी आपण गावात अशीच ठेवतो की नाही? परत आलेलं सामान जंतुनाशकानं धुऊन, उन्हात वाळवून ठेवायचं आणि पुढच्या घरी द्यायचं.

दवाखाना सोडण्याआधी

पंचायतीचं होईल तेव्हा होईल. तुमच्या घरचं माणूस उद्याच सुट्टी घेऊन येणार असेल तर काय करायचं, तेही सांगतो.

तयारी सुट्टीच्या दिवशी नव्हे, दाखल केल्यापासूनच करा. डॉक्टरांना तिसऱ्या दिवशीच विचारा, “घरी जाताना यांना चालता येईल का, की उचलावं लागेल?” त्यावरून खाट कुठं टाकायची, न्हाणीत धरायला काय बसवायचं, ते ठरेल. पायऱ्यांचं शेवाळ आधी खरवडून काढा. न्हाणीत भिंतीला एक लोखंडी कांब पक्की बसवली तर ती दहा औषधांचं काम करते.

सुट्टीचा कागद हातात येईल तेव्हा तिथल्या नर्सबाईंसमोर उभं राहून त्यातली प्रत्येक ओळ मराठीत समजून घ्या आणि मागच्या बाजूला आपल्या हातानं लिहून काढा. जुन्या गोळ्यांतली कोणती बंद, नवी कोणती, किती दिवस? टाके कधी काढायचे आणि ते जवळच्या आरोग्य केंद्रात निघतील का? उभं कधी करायचं, वजन किती टाकायचं? काय झालं तर न थांबता परत आणायचं? ताप, जखमेतून पू, एकाच पायाच्या पोटरीला सूज, अचानक धाप, बोलण्यात भ्रम, ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नका. आणि ज्या माणसानं घरी सेवा करायची, त्यालाच नर्सकडून कूस बदलायला, उभं करायला, नळीची पिशवी रिकामी करायला शिकवून घ्या. पुरुष मंडळी कागदावर सही करून येतात आणि सेवा बायकांच्या गळ्यात पडते. मग शिकायला त्या सुनेलाही एक दिवस दवाखान्यात न्या. आणि घरी आल्यावर रात्रीची एक पाळी तुम्हीही घ्या.

जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील तर दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा. सुट्टीनंतरची औषधं आणि तपासणी किती दिवस योजनेत बसते, घरी जायचं भाडं मिळतं का, हे स्पष्ट विचारा. निघायच्या आदल्या दिवशी आपल्या गावच्या आशाताईंना फोन करा. त्यांना कळलं तर उपकेंद्राला कळेल. आबांच्या वेळी आमच्या आशाताईंना आठ दिवसांनी, तेही पाण्याच्या टाकीपाशी गप्पांत कळलं होतं.

घरी आल्यावर कूस बदलल्याची वेळ भिंतीवर खडूनं लिहा. रोज अंघोळीच्या वेळी पाठ, माकडहाड आणि टाचा उजेडात बघा. कातडी लाल दिसली आणि दाबल्यावरही लाली गेली नाही तर तो पहिला इशारा समजा. डाळ, उसळ, दूध, चालत असेल तर अंडं, हे थोडं थोडं पण दिवसातून चार-पाच वेळा द्या, डॉक्टरांनी काही पथ्य सांगितलं असेल ते सांभाळून.

ग्रामसभेत एक हात वर करा

२ ऑक्टोबरच्या सुमारास पुढच्या वर्षाच्या गाव विकास आराखड्याची चर्चा सुरू होते. सभेला रस्ता, गटार, पाणी, समाजमंदिर यांवर बोलणारे पुष्कळ असतात. यंदा तुम्ही उठा आणि तीन गोष्टी मांडा. एक, दवाखान्यातून घरी आलेल्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी आशाताई आणि अंगणवाडीताई यांनी मिळून करावी आणि दर तीन महिन्यांनी ती नवी करावी. दोन, वर सांगितलेलं सामान पंचायतीनं घ्यावं. तीन, गावातल्या दोन बायकांना आरोग्य केंद्रात सेवेचं शिक्षण देऊन, लागेल त्या घरी त्यांना हजेरीनं पाठवावं आणि त्याची रक्कम अंदाजपत्रकात धरावी. ठराव लिहून घ्या आणि इतिवृत्तात आला का ते बघा. नुसतं “बघू, करू” यावर खाली बसू नका. माता-भगिनींनो, तुम्ही तर आवर्जून बोला, कारण हे काम इतकी वर्षं तुम्हीच केलं आहे आणि त्याचा हिशेब तुम्हालाच ठाऊक आहे.

आमच्या गावात तीनपैकी दोनच गोष्टी झाल्या. यादी झाली आणि सामान आलं. बायकांच्या हजेरीचा ठराव “पुढच्या सभेत” म्हणून राहिला आहे. तो यंदा मी पुन्हा मांडणार आहे.

दुसऱ्यांदा आबा घरी आले तेव्हा नारळ फुटला नाही. पण वॉकर आधीच आला होता, न्हाणीत कांब बसली होती, आणि रात्रीची पाळी त्यांच्या मुलानं आणि मी वाटून घेतली होती. जखम भरायला अडीच महिने लागले. आता आबा काठीनं पारापर्यंत येतात, घटकाभर बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला पावसाचं विचारतात. रानापर्यंत मात्र त्यांना आता जाता येत नाही. ते पहिले वीस दिवस आम्ही सांभाळले असते तर कदाचित गेलेही असते. परवा मला म्हणाले, “तुझ्या पेपरात लिही, की म्हाताऱ्याला आराम नको, हात पाहिजे.”

म्हणून हे लिहिलं. पुढच्या आठवड्यात भेटूच.